शाळेतील बॅटरीची निगा

टाटा कंपनीचे जलविद्युत् केंद्र खोपोली येथे १९१५ साली व भिवपुरी येथे १९२२ साली सुरू झाले. खालापूर व कर्जत तालुके असे विजेच्या उगमापाशी असले, तरी वादळी पावसात तारा तुटल्या की वर्ग काळोखात बुडतो. त्या वेळी उपयोगी पडणाऱ्या बॅटरीचे शास्त्र शिक्षकांस अवगत असावे.

रचना : बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात. प्रत्येकात शिशाच्या व शिशाच्या डायऑक्साइडच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. वीज खर्च होताना पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते. बॅटरी भारित करताना ते नाहीसे होते. ती रिकामी पडून राहिल्यास मात्र त्याचे कठीण स्फटिक बनून तिची शक्ती घटते.

निगा :

(१) मे महिन्याच्या सुटीपूर्वी बॅटरी पूर्ण भारित करावी. सुटीतही एकदा करावी.

(२) भारित केल्यानंतर खुणेपर्यंत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. पट्ट्या उघड्या पडल्या असल्यास त्या बुडण्यापुरते आधी घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार अपायकारक होत. आम्ल घालू नये. कारण कमी होते ते पाणी, आम्ल नव्हे.

(३) भारित होताना हायड्रोजन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे चार टक्के झाल्यास ठिणगीनेही स्फोट संभवतो. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दिवा वा काडी जवळ नेऊ नये.

(४) आम्ल डोळ्यांत उडाल्यास ते भरपूर पाण्याने दीर्घकाळ धुवून त्वरित वैद्यकीय उपचार घ्यावेत.

हे काम विद्यार्थ्यांकडून कदापि करवून घेऊ नये. पाणी घातल्याचा दिनांक नोंदवहीत लिहिण्याचे काम मात्र त्यांस अवश्य द्यावे.