मापाचे विणकाम : नाताळच्या भेटींविषयी एक पाठ

शास्त्रवाचन : १ शमुवेल २:१८-२१, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४३, योहान १९:२३-२४



नाताळात कोणाला हाताने विणलेले काही द्यायचे असेल तर पावसाळा सरता सरता सुया हाती घ्याव्या लागतात. डिसेंबर लागल्यावर लोकर आणली की एक तर रात्री जागून डोळे बिघडतात, नाही तर एका बाहीचा स्वेटर कागदात गुंडाळून "दुसरी बाही नवीन वर्षात" असे सांगण्याची पाळी येते. मी दोन्ही करून चुकले आहे. परंतु उशिरापेक्षाही मोठी एक चूक आमच्या महिला मंडळाकडून झाली. तिच्यावरूनच हा पाठ सुचला, म्हणून आधी ती सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका वसतिगृहातील चोवीस मुलींसाठी स्वेटर विणायचे ठरवले. लोकर घाऊक घेतली की स्वस्त पडते, म्हणून एकाच रंगाची, गडद तांबडी, घेतली. माप लहान, मध्यम व मोठे असे तीनच. सात-आठ जणींनी चार महिने खपून काम पुरे केले. नाताळच्या कार्यक्रमात एकेका मुलीचे नाव पुकारून व्यासपीठावर स्वेटर दिले, टाळ्या झाल्या, छायाचित्र निघाले. जानेवारीत एका सकाळी ग्वाल्हेरच्या कडक थंडीत त्यांतलीच एक मुलगी शाळेला जाताना मला दिसली. अंगावर पातळ ओढणी, आणि आमचा स्वेटर गुंडाळी करून काखेत. "घालत का नाहीस गं?" असे मी विचारले. ती खाली बघून म्हणाली, "बाई, हा रंग घातला की शाळेत सगळ्या ओळखतात, आम्ही कुठल्या ते."

मला त्या वेळी काही बोलता आले नाही. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी देशभर घराघरांतून बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. तिथे एक रंग ठीकच होता, कारण जवानाला गणवेशच घालायचा असतो. आम्ही मात्र न कळत चोवीस मुलींना गणवेश चढवला होता.

आता पहिला उतारा काढा. हन्नाने आपला शमुवेल शिलो येथे एली याजकापाशी सेवेसाठी ठेवला. त्यानंतर ती दर वर्षी नवऱ्याबरोबर वार्षिक यज्ञाला जाई, तेव्हा त्याच्यासाठी एक लहान झगा करून नेई. एवढेच एक वाक्य आहे. पण ज्या बाईने कधी दूर असलेल्या मुलासाठी कपडा शिवला वा विणला असेल, तिने हे वाक्य वाचून थांबावे. मूल वर्षभर डोळ्यांआड. तो किती वाढला असेल? खांदे भरले असतील का? बाही कुठवर घ्यावी? गेल्या वर्षीच्या मापाने केला तर तोकडा पडणार, फार मोठा केला तर पायात अडकणार. हन्नाला पुढे आणखी तीन मुलगे व दोन मुली झाल्या असे त्याच अध्यायात आहे, म्हणजे घरी वाढती मुले तिच्या डोळ्यांसमोर असतील. शिक्षकांनी वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा : हन्नाने माप कसे घेतले असेल? मुले फार सुंदर उत्तरे देतात. एक मुलगा म्हणाला होता, "शिलोहून आलेल्या माणसांना विचारून."

तेच उत्तर आपल्यालाही लागू आहे. विचारायचे. छाती, दंडापासून मनगटापर्यंत बाही, खांद्यापासून कमरेपर्यंत उंची, आणि डोके! लहान मुलांच्या बाबतीत डोक्याचे माप हटकून विसरले जाते. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५० सेंटिमीटर असतो, मोठ्या माणसाच्या घेराला फार कमी नव्हे. गळ्याची पट्टी घट्ट टाक्यांनी बंद केली की स्वेटर सगळा नीट होऊनही डोक्यातून उतरत नाही, आणि ओढून घातलाच तर मूल पुन्हा त्याचे नाव काढत नाही. पट्टीचे टाके एक-दोन क्रमांक जाड सुईने, सैल हाताने बंद करावे, किंवा एका खांद्यावर दोन गुंड्या ठेवाव्या.

मापानंतर वीण. ह्या बाबतीत आपण बायका फार आत्मविश्वासाने चुकतो. "पाच वर्षांच्या मुलाला पंचाहत्तर टाके" असे पाठ असते, पण ते टाके कोणाच्या हातचे? माझ्या सासूबाईंची वीण इतकी घट्ट की सुई कुरकुरे, आणि माझी सैल. म्हणून आधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांचा हातभर नव्हे, विताएवढा तुकडा विणावा, धुऊन वाळवावा, आणि मग मधल्या १० सेंटिमीटर रुंदीत किती टाके बसतात ते मोजावे. समजा २२ बसले. मुलाची छाती ६० सेंटिमीटर, अंगाला मोकळेपणासाठी आणखी ८ धरले तर घेर ६८, म्हणजे पुढचा भाग ३४ सेंटिमीटर. त्याला ७५ टाके झाले. आता हेच ७५ टाके १० सेंटिमीटरला २० बसणाऱ्या सैल हाताने विणले तर एक भाग साडेसदतीस सेंटिमीटरचा होतो, आणि घेर ७५. घट्ट हाताने २४ बसले तर घेर जेमतेम साडेबासष्ट, म्हणजे मुलाला श्वास घ्यायची चोरी. टाके तेवढेच, लोकर तीच, आणि स्वेटर तीन निरनिराळ्या मुलांचे. एकाच स्वेटरचा पुढचा भाग एकीने व मागचा दुसरीने विणण्याची जी पद्धत मंडळातून असते ती ह्याच कारणाने सोडून द्यावी.

सुयांच्या क्रमांकाविषयी एक सूचना. आपल्याकडे जुन्या इंग्रजी पद्धतीचे क्रमांक चालत आले आहेत. त्यांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटर, १० क्रमांकाची ३.२५. अमेरिकन क्रमांक ह्याच्या उलट चालतात, तिथली ८ क्रमांकाची सुई ५ मिलिमीटर जाड असते. कोणाची भाची परदेशाहून सुंदर सुया पाठवते आणि मग स्वेटरचे पोते का झाले हे कळत नाही. मिलिमीटर बघावे.

वेळेचा हिशेबही मांडून ठेवते. वरच्या मापाचा बिनबाह्यांचा स्वेटर ३८ सेंटिमीटर उंच धरला आणि १० सेंटिमीटरला ३० ओळी बसल्या, तर ११४ ओळी होतात. ७५ टाके, ११४ ओळी, असे दोन भाग : १७,१०० टाके. मुंढ्याला व गळ्याला कमी केलेले वजा जाता सुमारे सोळा हजार. सवयीच्या हाताने मिनिटाला २० टाके धरले तरी तेरा तासांहून अधिक. रोज अर्धा तास मिळाला तर जवळजवळ महिना, बाह्या वेगळ्याच. वर्गातील मुलांनी हा गुणाकार स्वतः करावा. भेटीच्या कागदात काय गुंडाळलेले असते ते त्यांना आकड्यांत दिसते.

लोकरीबद्दल. दुकानात "लोकर" म्हणून जे मिळते त्यांतले पुष्कळसे अॅक्रिलिक असते. ते वाईट नाही. स्वस्त असते, यंत्रात धुतले तरी आटत नाही, आणि जिथे घरात दहा माणसांचे कपडे एकत्र धुतले जातात तिथे तेच बरे. खऱ्या लोकरीच्या केसाला सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात घासली की ते एकमेकांत गुंततात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा होतो. परंतु शेगडीजवळ बसणाऱ्या आजीला किंवा चुलीपाशी वावरणाऱ्या बाईला अॅक्रिलिक देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ते पेटले की वितळते आणि कातडीला चिकटते. खरी लोकर सहसा नुसती करपते व विझते. ओळखायचे असेल तर दोन बोटे धागा काडीने जाळून पाहावा. केस जळाल्याचा वास येऊन राख चुरडली तर लोकर. कडक मणी झाला तर अॅक्रिलिक.

आणि गोव्याच्या भगिनींनी तर लोकरीच्या नादी लागूच नये. तिथे डिसेंबरातली रात्रसुद्धा २० अंशांच्या आसपास असते. सुती दोऱ्याचे क्रोशाचे काम, बाळाचे सुती टोपडे, म्हाताऱ्या माणसाला पहाटेच्या उपासनेला खांद्यावर घ्यायला सुती जाळीची शाल, हे तिथे खरोखर वापरले जाईल. बेळगाव-इंदूरचा स्वेटर पणजीला पाठवला तर तो कपाटातच नाताळ करतो.

दुसरा उतारा आपल्या ओळखीचा आहे. यापो येथील टबीथा, म्हणजे दुर्कस, मरण पावली आणि पेत्राला लोदहून बोलावून आणले. माडीवर विधवा रडत उभ्या आहेत आणि तिने केलेले कपडे त्याला दाखवत आहेत. ह्या वचनावर आपण नेहमी दुर्कसेविषयीच बोलतो. थोडे त्या विधवांकडेही पाहू. तिथे मूळ ग्रीकमध्ये "दाखवणे" ह्या क्रियापदाचे जे रूप आहे, त्यावरून त्या स्वतःच्या अंगावरचे कपडे दाखवत असाव्यात असे काही अभ्यासक म्हणतात. हे बरोबर असेल तर चित्र पालटते. कपड्यांचा ढीग नाही. प्रत्येकीच्या अंगावर तिचा-तिचा कपडा आहे, वापरून मऊ झालेला, आणि दुःखाच्या दिवशीही तो घालून यायला तिला लाज वाटत नाही. मला लगेच काखेतली ती तांबडी गुंडाळी आठवते.

तिसऱ्या उताऱ्यात प्रभूचा बिनशिवणीचा अंगरखा आहे, जो सैनिकांनी न फाडता चिठ्ठ्या टाकून घेतला. तो मागावर विणलेला होता. आपले दोन सुयांचे विणकाम त्या काळी माहीत होते असे दिसत नाही. ईजिप्तमध्ये तिसऱ्या-चौथ्या शतकांतले लहान मुलांचे मोजे सापडले आहेत, पण ते एकाच सुईने गाठी ओवत केलेले आहेत. सुयांवर विणलेले सर्वांत जुने तुकडे पुढच्या काळातले, तेही ईजिप्तचेच. परंतु इ. स. १४०० च्या सुमारास उत्तर जर्मनीत बुक्स्टेहूडच्या वेदीसाठी एक चित्र रंगवले गेले. ते मास्टर बर्ट्राम ह्या चित्रकाराचे किंवा त्याच्या हाताखालच्यांचे मानतात, आणि आज हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. त्यात मरिया बसून चार सुयांवर गोल विणीचा एक लहान लालसर अंगरखा विणते आहे. अंग झाले आहे, गळ्याचे काम चालले आहे. जवळ बाळ येशू पुस्तक उघडून पहुडला आहे, बाजूला त्याचा भोवरा पडला आहे. मागून दोन देवदूत आले आहेत, आणि त्यांच्या हातांत क्रूस, भाला, खिळे व काट्यांचा मुकुट आहेत. बाळ मान वळवून त्यांच्याकडे बघते. आईच्या हातांत सुया आहेत.

चित्रकाराने शेजारणी जे करताना पाहिल्या तेच मरियेच्या हाती दिले, हे उघड आहे. पण त्याला वीण ठाऊक होती. गोल विणला की शिवण येत नाही, हे त्याने अगदी बरोबर टिपले आहे. ज्यांच्याकडे ह्या चित्राची प्रत असेल त्यांनी ती वर्गात जरूर दाखवावी आणि मुलांना सुया मोजायला सांगावे.

वर्गासाठी एक काम सुचवते. दहा वर्षांपुढील मुलांना, मुलगे व मुली दोघांनाही, सुलट टाका शिकवावा. तो एकच टाका पुरे. प्रत्येकाने १५ सेंटिमीटरचा चौकोन विणायचा. असे ४८ चौकोन, रुंदीत सहा व उंचीत आठ, जोडले की ९० बाय १२० सेंटिमीटरचे पांघरूण होते. बारा मुलांच्या वर्गात प्रत्येकी चार चौकोन. लोकर नवी घ्यायलाच हवी असे नाही. घरोघरचे जुने स्वेटर उसवावे, पाटाभोवती गुंडाळून लडी कराव्या, कोमट पाण्यात धुवाव्या आणि खाली थोडे वजन टांगून वाळवाव्या, म्हणजे धाग्याच्या कुरळ्या मोडतात. उसवण्याचे काम मुलांना विणण्याहून अधिक आवडते, हे आधीच सांगून ठेवते. पांघरूण कोणाला द्यायचे ते मात्र पहिल्या चौकोनाआधी ठरवावे, आणि त्या व्यक्तीला भेटून यावे.

दुसऱ्या वर्षी आम्ही वसतिगृहात सप्टेंबरातच गेलो. बरोबर लोकरीच्या दुकानातून मागून आणलेले रंगांचे तुकडे आणि मापाची फीत. चोवीस स्वेटर शक्य नव्हते. नऊच झाले, बाकीच्या पंधरा मुलींना त्यांनी निवडलेल्या रंगाच्या कानटोप्या, आणि स्वेटरची पाळी पुढच्या वर्षी. व्यासपीठावर बोलावणे बंद केले. खोलीवर जाऊन दिले. त्या मुलीने पोपटी रंग निवडला होता. मला तो मुळीच पसंत नव्हता, पण विणला. बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणल्या. ही युक्ती ज्यांना माहीत नसेल त्यांनी लिहून घ्यावी : अशी बाही आखूड झाली की मनगटाची पट्टी उसवून, टाके सुईवर घेऊन तशीच पुढे विणता येते. उरलेला गुंडाही स्वेटरबरोबरच द्यावा.

पुढच्या हिवाळ्यात ती स्वतः घरी आली. कोपर विरले होते आणि हात चांगला चार बोटे वाढला होता. गुंडा हरवलाच होता, पोपटी लोकर दुकानात नव्हती. तिने माझ्या डब्यातली पिवळी उचलली. मी पट्टी उसवेपर्यंत ती समोर बसून राहिली, आणि मग म्हणाली, "बाई, दुसरी बाही मी करू का?"