हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा हिशेब

"जळगाव विमानाने एका तासावर आले," असे आपण सहज म्हणतो. हिंजवडीत दुकान किंवा वर्कशॉप असलेल्या व्यापारी-कारागीर बंधूंनी या एका तासाचा नीट हिशेब मांडला पाहिजे.

प्रथम अंतर पाहू. लोहगाव ते जळगाव विमानतळ हे सरळ रेषेतील अंतर सुमारे 320 किलोमीटर आहे. रस्त्याने अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर असे वळसे घेत तेच अंतर सुमारे 400 किलोमीटर होते. वैमानिक अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. त्या मापाने हे अंतर सुमारे 173 मैल भरते.

आता वेळ. लहान विमानतळांवर बहुधा एटीआर जातीची पंख्याची विमाने येतात. त्यांचा वेग तासाला सुमारे 500 किलोमीटर. या वेगाने 320 किलोमीटरला 38 मिनिटे लागतात. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यात पूर्ण वेग मिळत नाही. त्यासाठी 25 मिनिटे धरा. म्हणजे सुमारे 1 तास 5 मिनिटे झाली.

खरा खर्च जमिनीवर आहे. हिंजवडी ते लोहगाव गर्दीत दीड तास. विमानतळावर दीड तास आधी हजेरी. जळगावला उतरून बाजारपेठेत जाण्यास 40 मिनिटे. एकूण पावणेपाच तास! मोटारीने आठ तास लागतात, म्हणजे तीन तासांहून अधिक वाचले.

आता समजा, लोहगावहून नाशिकच्या ओझर विमानतळावर जायचे आहे. हवाई अंतर 170 किलोमीटर, म्हणजे जळगावच्या जवळजवळ निम्मे. हवेत 45 मिनिटे लागतील. परंतु ओझर नाशिक शहरापासून वीस किलोमीटरच्या पुढे आहे, तेथे एक तास धरा. बेरीज पुन्हा पावणेपाच तास! चाकणमार्गे मोटारीने पाच तासांत नाशिक येते. मग तिकिटाचे पैसे कशासाठी? साधारण 250 किलोमीटरच्या आत रस्ताच बरा, 300 च्या पुढे विमानाचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट. छोट्या मार्गांवरील विमानसेवा कायम टिकतेच असे नाही. मुंबई-जळगाव सेवा 'उडान' योजनेत डिसेंबर 2017 मध्ये सुरू झाली आणि पुढे खंडित झाली. पुणे-जळगाव सेवा 2024 मध्ये सुरू झाली. आठवड्यातील वार आणि वेळ पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला शब्द देऊ नका. विमान रद्द झाले तर दुसरे त्याच दिवशी मिळेलच असे नाही.

कारागिरांनी सामानाचेही भान ठेवावे. छिन्नी, पाते, ड्रिल हातातील पिशवीत नेता येत नाही. ड्रिलची सुटी लिथियम बॅटरी मात्र हातातच ठेवावी लागते. थिनर, गॅसची टाकी मुळीच चालत नाही. अवजारांचे वजन जास्त भरले तर जादा पैसे पडतात.

शेवटी रात्रीच्या रेल्वेला विसरू नका. मनमाडमार्गे जाणारी गाडी रात्री धरली की सकाळी जळगाव. वेळ जास्त जातो, पण तो झोपेचा असतो, कामाचा नव्हे. ज्याची मजुरी रोजावर आहे, त्याने किती तास लागले यापेक्षा कामाचे किती तास गेले, हे मोजावे.