पौंडांची पेन्शन, रुपयांचा संसार

पळस्पे,
११ जानेवारी २०२६

चि. सुधाकर यास,


परवा फोनवर तुझा बेत ऐकला. फेब्रुवारीत ब्रिटनमधलं घर रिकामं करायचं, १९ मार्चला पाडव्याला इथल्या नव्या फ्लॅटवर गुढी उभारायची आणि मग परत जायचं नाही. तू आणि सुलभा, नवराबायको दोघं कायमचे येणार, यापरता आनंद मला नाही. तरी सांगते, पाडव्याला येऊ नका. अक्षय्य तृतीयेला या. महिनाभर उशीर होईल, पण त्याची किंमत तुला पुढे जन्मभर मिळत राहील. कशी, ते सांगण्यासाठीच हे पत्र. फोनवर आकडे बोलले की एका कानाने आत जातात आणि दुसऱ्याने बाहेर पडतात.

तुला या महिन्यात ६६ पूर्ण झाली, ३५ वर्षांची वर्गणी भरलेली आहे, म्हणजे ब्रिटिश सरकारची पूर्ण पेन्शन तुला लागू. आजचा दर आठवड्याला २३०.२५ पौंड. ती दर एप्रिलमध्ये वाढते, हे तुला ठाऊक आहे. ठाऊक नसेल तर हे, की भारतात राहायला आलेल्या माणसाला ती वाढ मिळत नाही. देश सोडताना जो दर असेल, त्याच दरावर पेन्शन गोठते. अमेरिका, युरोपातले देश, फिलिपिन्स, जमैका, मॉरिशस इथं राहणाऱ्यांना दरवर्षी वाढ मिळते. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथं राहणाऱ्यांना नाही. त्या देशाशी पेन्शनवाढीची तरतूद असलेला सामाजिक सुरक्षेचा परस्पर करार आहे की नाही, यावर सगळं अवलंबून. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या अ‍ॅनेट कार्सन या बाई यावरून ब्रिटिश सरकारशी कोर्टात भांडल्या. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हरल्या, मार्च २०१० मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातही हरल्या. आयुष्यभर सारखीच वर्गणी भरलेल्या दोघांना केवळ म्हातारपणीच्या पत्त्यावरून वेगळी वागणूक द्यायची, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. पण कायदा आज असा आहे आणि आपल्याला हिशोब कायद्याप्रमाणेच करायचा आहे. गेल्या जुलैत भारत-ब्रिटन व्यापार करार झाला, त्यावरून कोणी तुला सांगेल की आता वाढ मिळेल. मिळणार नाही. त्याच्या जोडीने ठरलेली वर्गणीची तडजोड तात्पुरत्या बदलीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आहे.

आता एप्रिलचं. ६ एप्रिलपासून आठवड्याचा दर २४१.३० पौंड होतोय. फेब्रुवारी-मार्चमध्ये बस्तान उचललंस तर २३०.२५ वर गोठशील. वाढ तिथं राहून घेतलीस आणि मग निघालास तर २४१.३० वर. फरक आठवड्याला ११.०५ पौंडांचा, वर्षाला सुमारे ५७५ पौंड. आजच्या भावाने जवळपास ६९ हजार रुपये, दरवर्षी, तू आहेस तोवर. पाडव्याला गुढी उभारायची हौस असेल तर पंधरा दिवसांसाठी या आणि परत जा. भेटीला येणं वेगळं, बिऱ्हाड हलवणं वेगळं. मात्र एकदा कायमचे आलात की ते पेन्शन खात्याला लगेच कळवायचं. भाच्याचा लंडनचा पत्ता कागदावर ठेवून वाढ घेत राहणारे लोक मी ऐकले आहेत. तू त्यांतला होऊ नकोस. पुढे कधी दोन-तीन महिने मुलीकडे राहायला गेलास तर तेवढ्या काळापुरता वाढीव दर रीतसर मागता येतो, तो जरूर माग.

तू म्हणालास, "ताई, पौंड १२० च्या आसपास आहे, आता कसली काळजी?" सुधाकर, बँकेच्या फोर्टच्या शाखेत परकीय चलनाच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली. हे वाक्य मी त्या टेबलासमोर उभ्या राहिलेल्या किती जणांकडून ऐकलं असेल! भावाची वाढ म्हणजे पेन्शनची वाढ नव्हे. ती दिसते वाढीसारखी, म्हणूनच घात करते.

समज, एकजण एप्रिल २०१६ मध्ये, नवी पेन्शन सुरू झाली त्याच महिन्यात, ती पूर्ण घेऊन पनवेलला आला. दर १५५.६५, वर्षाचे सुमारे ८,०९४ पौंड. तेव्हा पौंड ९५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे वर्षाला ७ लाख ६९ हजार. त्याने तेवढ्यावर संसार मांडला. २३ जूनच्या मतदानात ब्रेक्झिटचा कौल लागला आणि ऑक्टोबरमध्ये पौंड ८१-८२ पर्यंत घसरला. त्याची पेन्शन तीच, पौंड तेवढेच, पण हातात येणारे रुपये वर्षाला लाखभराने कमी. कौल त्याने दिला नव्हता, चूक त्याची नव्हती, पण दूधवाल्याचं बिल त्याचंच होतं.

आज त्याच माणसाला १२० च्या भावाने ९ लाख ७१ हजार मिळतात. दहा वर्षांत सव्वीस टक्के वाढ. तो खूश आहे. पण महागाई वर्षाला पाच टक्केच धरली, तरी २०१६ मध्ये महिना पन्नास हजारांत चालणारं घर आज ८१ हजार मागतं, म्हणजे खर्च त्रेसष्ट टक्क्यांनी वाढला. आणि त्याचा लंडनमध्येच राहिलेला शेजारी २३०.२५ च्या दराने वर्षाला ११,९७३ पौंड घेतोय. रुपयांत १४ लाख ३७ हजार. चढत्या भावाने पेन्शनची झीज अशी झाकून टाकली आहे.

आणि भाव चढतच राहतो हेही खरं नाही. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, तेव्हा १३.३३ रुपयांचा पौंड एका रात्रीत २१ चा झाला. दीड वर्षही झालं नाही तोच नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनने पौंडाचंच अवमूल्यन केलं आणि तो १८ वर आला. २६ सप्टेंबर २०२२ ला तर पौंड डॉलरच्या तुलनेत इतिहासातल्या नीचांकाला गेला होता. लांबचा रस्ता चढाचा आहे, मान्य. पण तुला किराणा दर महिन्याला भरायचा आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. तुझी सरकारी पेन्शन एप्रिलनंतर वर्षाला सुमारे १२,५५० पौंड होईल, आजच्या भावाने पंधरा लाख. पळस्प्यात राहायला ही रक्कम मोठी आहे आणि तिथंच धोका आहे. पाच टक्के महागाईने पंधरा वर्षांत खर्च दुप्पट होतो. तेव्हा तू ८१ चा असशील आणि पौंड तेवढेच असतील. आज निम्म्यात घर चालव, उरलेल्या निम्म्याचा रुपयांत साठा कर. पहिल्या दोन-तीन वर्षांत ही सवय लागली तर लागली. नंतर माणूस कार बदलतो, नातवंडांना देतो, सोसायटीत मोठेपणा मिळवतो, आणि खर्च खाली आणणं या वयात फार अवघड जातं.

सुलभाची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट समजून घे. तिची एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या नोकरीची पेन्शन, ती भारतात आली तरी तिथल्या महागाईप्रमाणे दरवर्षी वाढत राहते. तुमच्या घरातलं खरं वाढतं उत्पन्न तिचं आहे. तेव्हा ती पेन्शन "वरखर्चाला" आणि तुझी "घराला" अशी वाटणी करू नका. म्हातारपणाचा भरवसा तिच्या पेन्शनवर ठेवा. तिला ६७ व्या वर्षी सरकारी पेन्शन सुरू होईल, ती त्या वेळच्या दराने सुरू होऊन मग गोठेल. तिची वर्षं किती भरली आहेत ते निघण्याआधी पाहा, कमी असतील तर भरता येतात का ते विचारा. तुझ्या कंपनीच्या पेन्शनचे नियम मी वाचलेले नाहीत. ती परदेशात वाढते का, आणि तुझ्या पश्चात सुलभाला किती मिळते, हे दोन प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर घे. तुझी सरकारी पेन्शन तुझ्यामागे तिला मिळेल असं गृहीत धरू नकोस, नव्या पद्धतीत ती जवळपास थांबतेच.

आता पैसे आणायचे कसे. पेन्शन खातं थेट इथल्या खात्यात रुपये पाठवतं, पण मग भाव कोणता लागला यावर तुझा ताबा नाही. मी म्हणेन, पौंड तिथल्या खात्यातच पडू देत. दर चार आठवड्यांनी, म्हणजे वर्षात तेरा वेळा ते जमा होतात. तिथून ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम आण, भाव चढो की उतरो. रोज सकाळी मोबाइलवर पौंड बघत बसायचं नाही. वर्षभराचा खर्च रुपयांत मुदत ठेवीत आधीच बाजूला असला, म्हणजे पडत्या भावात पैसे आणायची घाई होत नाही. बँकेला टीटी खरेदी दर, म्हणजे ती तुझे पौंड ज्या भावाने विकत घेते तो, विचार आणि त्याच क्षणाचा बाजारभाव शेजारी लिही. शंभरात एक रुपयाचा फरक पंधरा लाखांवर पंधरा हजार होतो, आणि काउंटरवर विचारणाऱ्याला दर बरा मिळतो हे मी काउंटरच्या आतून पाहिलं आहे. प्रत्येक वेळी पैसे आल्याची बँकेची सूचना फाइलला लाव. परतल्यावर तुझं एनआरई खातं तसंच चालवता येत नाही, ते निवासी करावं लागतं किंवा आरएफसी खात्यात वळवावं लागतं. आरएफसी खात्यात परकीय चलन परकीय चलनातच ठेवता येतं. एफसीएनआर ठेव मुदतीपर्यंत चालते. तिथल्या बँकेला मात्र आधी विचार, भारतातला पत्ता दिल्यावर खातं चालू ठेवणार का. काही बँका परदेशस्थांची खाती बंद करतात, आणि तिथून निघून आल्यावर दुसरं उघडणं कठीण.

कराचं थोडक्यात सांगते, बाकी सीए सांगेल. इतकी वर्षं बाहेर राहिलेला माणूस परतल्यावर दोन, कधी तीन वर्षं "निवासी, पण सामान्यतः निवासी नाही" या वर्गात असतो. त्या काळात परदेशातल्या पेन्शनवर इथं कर लागत नाही, अट एकच, ती आधी तिथल्या खात्यात जमा झालेली असावी. थेट इथं जमा झाली तर इथलं उत्पन्न. तिथलं खातं ठेव म्हणते त्याचं हे दुसरं कारण. कंपनीच्या पेन्शनमधली एकचतुर्थांश रक्कम तिथला कायदा करमुक्त मानतो, इथला मानेलच असं नाही, तेव्हा ती घ्यायची असेल तर याच काळाच्या आत घे. सरकारी नोकरीच्या पेन्शनला १९९३ च्या भारत-ब्रिटन करारात वेगळा नियम आहे, सुलभाची कुठे बसते ते सीएला विचार. आणि पूर्ण निवासी झालास की परदेशातलं प्रत्येक खातं विवरणपत्रात दाखवायचं. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात न दाखवल्यास दहा लाखांचा दंड होऊ शकतो. प्रामाणिक माणसं इथं निव्वळ आळसाने अडकतात.

दुखण्याचं पाहा. एनएचएस तिथं राहणाऱ्यांसाठी आहे, बिऱ्हाड हलवलं की तो हक्क गेला. इथं आरोग्य विमा घ्यायला एप्रिल २०२४ पासून वयाची वरची मर्यादा राहिली नाही, पण जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वाट पाहावी लागते. तुझी साखर आणि सुलभाचा गुडघा दोन्ही लपवू नका. इथं येण्याआधीच अर्ज करा, म्हणजे वाट पाहण्याचे दिवस लवकर सुरू होतील.

इथला नवा विमानतळ सुरू झाल्यापासून पळस्पे फाट्यावर जो तो जमीन दाखवतोय. तुझ्यापर्यंतही लोक पोचतील. ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वडिलांची वारसाने आलेली आहे ती पुरे. ठेवींच्या बाबतीतही अर्ध्या टक्क्याच्या मोहात पडू नकोस. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला, तेव्हा याच गावांतल्या लोकांची आयुष्यभराची पुंजी तिथं होती. विम्याचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंत. त्यावरची रक्कम कुठे ठेवतोस हे दहादा विचार करून ठरव.

एक बारीक पण महत्त्वाचं. आम्ही नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो, तसा तुलाही तिथून फॉर्म येईल, पण पोस्टाने, आणि त्यांच्या सवडीने. साक्षीदाराची सही घेऊन तो मुदतीत परत गेला नाही तर पेन्शन थांबते. म्हणून पत्ता पूर्ण लिही: इमारत, सर्व्हे नंबर, पळस्पे, तालुका पनवेल, पिनकोड आणि मोबाइल नंबर. फ्लॅट बंद असेल तर टपाल माझ्याकडे द्यायला सांगून ठेवू.

दोघांच्या राष्ट्रीय विमा क्रमांकाची पत्रं, पेन्शन मंजुरीची पत्रं, लग्नाचा दाखला, गेल्या सात वर्षांतले पासपोर्टवरचे शिक्के आणि तिथल्या कराचे कागद, सगळं मूळ स्वरूपात हातातल्या बॅगेत आणा, कंटेनरमध्ये टाकू नका. आणि सुलभाला हे पत्र वाचायला दे; हिशोब तिच्याही हाती हवा.

तुझी,
ताई