मिठाचे मैदान आणि चार बोटे पाणी

पावसाने क्रिकेटचा सामना वाहून गेला की आपण हळहळतो. पण पाऊस थांबतो, खेळपट्टीवरचे आच्छादन निघते आणि तासाभरात खेळ सुरू होतो. जगात एक मैदान मात्र असे आहे, की तेथे एका रात्रीचा पाऊस वर्षभराची तयारी धुऊन नेतो. आणि गंमत अशी, की ते मैदान पावसानेच घडवलेले आहे. अमेरिकेच्या यूटा राज्यातील बॉनव्हिल येथील मिठाचे मैदान ते हेच. मोटारी आणि मोटारसायकली जमिनीवर जास्तीत जास्त किती वेगाने धावू शकतात, याची कसोटी तेथे शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. या कसोटीत हवामान कोणत्या अडचणी आणते आणि त्यांमागे पदार्थविज्ञानाचे कोणते साधे नियम आहेत, हे या लेखात पाहावयाचे आहे.

मैदान कसे झाले

हिमयुगात यूटाच्या पश्चिम भागात एक विस्तीर्ण सरोवर होते. गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास करून १८९० मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. बॉनव्हिल सरोवर या नावाने ते ओळखले जाते. त्याची खोली तीनशे मीटरांहून अधिक होती. सुमारे अठरा हजार वर्षांपूर्वी त्याचा उत्तरेकडील काठ फुटला आणि प्रचंड पूर आयडाहोतून वाहत गेला. पुढे हवा उष्ण व कोरडी झाली आणि उरलेले पाणी आटत गेले. या खोऱ्याला समुद्राकडे जाणारी वाट नाही. डोंगरातून येणारे पाणी क्षार घेऊन येते आणि येथेच आटते. पाणी जाते, क्षार राहतात. हजारो वर्षांच्या या जमाखर्चात जी शिल्लक उरली, ती म्हणजे आजचे ग्रेट सॉल्ट लेक आणि त्याच्या पश्चिमेचे हे पांढरे मैदान.

मैदानाचा वरचा थर बहुतांशी साध्या मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा आहे. मध्यभागी तो काही ठिकाणी चार-पाच फूट जाड, तर कडेला इंचभरही नाही. त्याखाली बारीक, ओला चिखल असतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढची निम्मी संकटे या चिखलातूनच वर येतात.

पाणी मित्र केव्हा, शत्रू केव्हा

हिवाळ्यात या मैदानावर उथळ पाणी साचते. त्यात वरचे मीठ विरघळते. वारा ते पाणी इकडून तिकडे ढकलतो आणि खाचखळगे, चाकोऱ्या, उंचवटे पुसून टाकतो. उन्हाळ्यात पाणी आटते आणि संपृक्त द्रावणातून मिठाचा नवा थर स्फटिकरूपाने बसतो. म्हणजे दरवर्षी निसर्ग हे मैदान नव्याने सारवून देतो. ज्यांनी गोव्यातील किंवा कोकणातील मिठागरे पाहिली आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. मिठागरात आधी पाणी घ्यावे लागते, मग ऊन लागते, आणि मीठ धरल्यावर आलेली एक वळवाची सर आगरवाल्याच्या पोटात गोळा आणते. बॉनव्हिलचेही तसेच आहे. पाणी हवेच, पण वेळेवर.

आता एक छोटेसे गणित करू. २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच पाऊस पडला, तर प्रत्येक चौरस मीटरवर २५ किलो पाणी येते. शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते. म्हणजे हे पाणी फार तर ९ किलो मीठ विरघळवील. घन मिठाची घनता पाण्याच्या सुमारे २.१६ पट असते. तेव्हा ९ किलो मीठ म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४ मिलिमीटरांचा थर. चार मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. परंतु प्रश्न केवळ जाडीचा नाही. पाणी स्फटिकांच्या सांध्यांतून आत झिरपते, थर ठिसूळ होतो आणि खालचा चिखल मऊ पडतो. माणूस त्यावरून चालत जाईल; पण दोन टनांची गाडी ताशी तीनशे मैलांनी गेली तर थर फोडून रुतेल, आणि त्या वेगात रुतणे म्हणजे काय, ते सांगण्याची गरज नाही.

मग शर्यती पाऊस नसताना घ्याव्यात, हे उत्तर सोपे वाटते. पण वर्षातील दिवसच थोडे. वसंतापर्यंत मैदान ओले असते. पूर्ण कडक होईपर्यंत ऑगस्ट उजाडतो. आणि ऑक्टोबरनंतर थंडी पडून बाष्पीभवन मंदावते. शिवाय जुलै ते सप्टेंबर या काळात मेक्सिकोच्या बाजूने दमट हवा उत्तरेकडे सरकते आणि दुपारनंतर गडगडाटी वादळे होतात. तेथील हवामानशास्त्रज्ञ या काळाला मॉन्सून हेच नाव देतात! आपल्या परिचयाचा शब्द, परंतु तेथे तो पेरणीची नव्हे, तर धावपट्टीची चिंता घेऊन येतो. विजेचे भय वेगळेच. मैलोगणती सपाट मैदानात उभा माणूस किंवा तंबूचा खांब हीच सर्वांत उंच वस्तू असते.

घर्षण: इंजिनाची ताकद वाया कशी जाते

पुष्कळांची समजूत असते, की वेग म्हणजे इंजिन. इंजिन हवेच, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती आठपट लागते. परंतु ही शक्ती जमिनीपर्यंत पोचवायची कशी? चाक जमिनीला जेवढे धरील, तेवढाच रेटा गाडीला मिळतो. मिठावर डांबरी रस्त्यापेक्षा पकड कमी असते. म्हणूनच येथे एक विलक्षण दृश्य दिसते: वेगासाठी आलेले लोक गाडीत मुद्दाम शिशाचे वजन भरतात, चाकांनी मीठ घट्ट धरावे म्हणून.

समजा, एका गाडीचे वजन २००० किलो आहे, चारही चाके रेटा देतात आणि कोरड्या मिठावर घर्षणांक ०.५ आहे. तर जास्तीत जास्त रेटा १००० किलोभार. पाऊस पडून घर्षणांक ०.३५ वर आला, तर रेटा ७०० किलोभारच उरेल. रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने शिखरवेग ०.७ च्या वर्गमूळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १६ टक्क्यांनी उतरेल. ताशी ३०० मैलांची गाडी २५० वर येईल. ही आकडेवारी गृहीत धरलेली आहे, पण तिच्यातला बोध खरा आहे. इंजिनात एक तोळाही बदल न होता केवळ ओलाव्याने पन्नास मैल गेले.

वारा आणि उष्मा

समोरून किंवा पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यावर नियमाने उपाय काढला आहे. आंतरराष्ट्रीय विक्रमासाठी तासाभरात दोन विरुद्ध दिशांनी धावावे लागते आणि सरासरी धरली जाते. त्यामुळे वाऱ्याचे दान व देणे बहुतांशी फिटते. आडव्या वाऱ्यावर मात्र सरासरीचा उपाय चालत नाही. ताशी १५ मैलांचा आडवा वारा ३०० मैलांनी धावणाऱ्या गाडीला समोरच्या दिशेपासून अवघ्या तीन अंशांनी तिरका भासतो. कोन लहान, पण त्या कोनातून येणारा झोत ३०० मैलांचा असतो. हिशेब केला तर बाजूचा धक्का गाडीचा वेग आणि वाऱ्याचा वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात येतो. म्हणजे तोच वारा ७५ मैलांपेक्षा ३०० मैलांना चौपट जोराने ढकलतो. त्या वेगात गाडी सेकंदाला १३४ मीटर जाते. चालकाला सावध व्हायला पाऊण सेकंद लागला, तर शंभर मीटर मागे पडलेले असतात. म्हणून विक्रमाच्या धावा शक्यतो पहाटे, वारा पडलेला असताना होतात.

उष्म्याचा प्रकार थोडा गमतीचा आहे. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फुटांवर आहे. दुपारी ३५ अंश सेल्सियस तापमानात तेथील हवेची घनता समुद्रकाठच्या प्रमाणित हवेच्या सुमारे ८० टक्केच असते. जणू काही इंजिन साडेसात हजार फुटांवर श्वास घेत असते. साध्या इंजिनाला तेवढा प्राणवायू कमी मिळतो व शक्ती उतरते. पण विरळ हवा रोधही कमी करते! पहाटे १५ अंशांना हवा दुपारपेक्षा सुमारे सात टक्के दाट. त्यामुळे इंधनाचे प्रमाण सकाळी एक, दुपारी दुसरे, असे जुळवावे लागते. हवामान पाहणे हे येथे पंचांग पाहण्यासारखे नाही. तो यंत्राच्या जुळणीचाच भाग आहे.

तीन प्रसंग

३ सप्टेंबर १९३५ रोजी माल्कम कॅम्बेल यांनी बॉनव्हिलवर ताशी ३०१.१२९ मैलांचा विक्रम केला आणि जगाचे लक्ष या मैदानाकडे वळले. त्यांचे पुत्र डॉनल्ड कॅम्बेल १९६० मध्ये याच मैदानावर सुमारे ३६० मैलांच्या वेगात भीषण अपघातातून वाचले. नवी गाडी बांधून ते अधिक मोठ्या मैदानाच्या शोधात ऑस्ट्रेलियातील लेक आयर या मिठाच्या सरोवराकडे गेले. अनेक वर्षांत तेथे म्हणण्यासारखे पाणी आले नव्हते. म्हणूनच ते स्थळ निवडले होते. १९६३ मध्ये ते पोचले आणि पाऊस आला. सरोवर भरले, गाडी घाईने बाहेर काढावी लागली. १९६४ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला. मीठ तेव्हाही पुरते वाळले नव्हते, चाके खोल चाकोऱ्या पाडीत होती. अखेर १७ जुलै १९६४ रोजी ४०३.१ मैलांची नोंद झाली. विक्रम झाला खरा, परंतु गाडी ५०० मैलांच्या हेतूने बांधलेली होती. मधले अंतर ओल्या मिठाने खाल्ले.

दुसरा प्रसंग रिचर्ड नोबल यांचा. १९७० मध्ये गॅरी गॅबेलिच यांनी बॉनव्हिलवर रॉकेटच्या गाडीने ६२२.४०७ मैल, म्हणजे ताशी हजार किलोमीटरांची मर्यादा ओलांडली होती. तो विक्रम मोडण्यासाठी नोबल १९८१ मध्ये 'थ्रस्ट २' ही जेट गाडी घेऊन तेथे आले आणि पावसाने त्यांना परतवले. १९८२ मध्ये पुन्हा आले, तर मैदानच पाण्याखाली. तेव्हा त्यांनी नेवाडातील ब्लॅक रॉक या वाळवंटातील मातीच्या तळाचा आश्रय घेतला. गाडीची चाके भरीव धातूची होती. कठीण मिठापेक्षा ती माती त्यांना अधिक मानवली. ४ ऑक्टोबर १९८३ रोजी ६३३.४६८ मैलांची नोंद झाली. पावसाने हाकलले नसते, तर ते या मातीकडे वळले असते का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

तिसरा प्रसंग कोणा एकाचा नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींची संघटना १९४९ पासून ऑगस्टमध्ये बॉनव्हिलवर 'स्पीड वीक' भरवते. येथे रोख बक्षीस नसते. घरामागच्या छपरीत वर्षानुवर्षे खपून लोक यंत्र तयार करतात आणि हजारो मैलांवरून घेऊन येतात. न्यूझीलंडचे बर्ट मन्रो असेच येत. १९६७ मध्ये वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी जुन्या इंडियन मोटारसायकलवर आपल्या गटाचा विक्रम केला. २०१४ मध्ये मेळावा पावसामुळे रद्द झाला. २०१५ मध्ये ओले मीठ आणि चिखल यांमुळे पुरेशी लांब धावपट्टीच मिळाली नाही व तो पुन्हा रद्द झाला. २०२२ मध्येही पाण्याने तेच केले. एकेकाळी तेरा मैलांपर्यंत आखता येणारी पट्टी आता पुष्कळच आखूड झाली आहे. जवळच्या पोटॅश उद्योगाने खाऱ्या पाण्याचा उपसा केल्यामुळे थर पातळ झाला, असे शर्यतवाल्यांचे म्हणणे. संशोधक भूजल, हवामान आणि माणसाचा वापर या सर्वांचा एकत्र विचार करावयास सांगतात. १९९७ ते २००२ या काळात खारे पाणी पुन्हा मैदानावर सोडून लक्षावधी टन मीठ परत घालण्याचा प्रयोगही झाला.

शेवटी

स्पीड वीक रद्द करणारे स्वतःही शर्यतवालेच असतात. त्यांनीही गाडी तयार केलेली असते. तरीही ते पायी मैदान फिरतात, मीठ पायाखाली दबते का ते पाहतात, आणि "यंदा नाही" असे सांगतात. पाणी आटण्याची आशा प्रत्येकालाच असते. पण आशेने घर्षणांक वाढत नाही. प्रयोगशाळेत उपकरणाची जुळणी बिघडली असता वहीत अपेक्षित आकडा लिहून मोकळे होण्याचा मोह आपल्यापैकी किती जणांना होतो! तेथे असा खोटा आकडा लिहिला, तर त्याची किंमत चालक जिवाने मोजतो. म्हणून तेथे लिहीत नाहीत. इथे ती किंमत दिसत नाही, एवढाच फरक.

आणि रद्द झालेल्या वर्षाचेही सारेच वाया जात नाही. ज्या पाण्याने मेळावा बुडवला, तेच पाणी मागच्या चाकोऱ्या विरघळवून पुढच्या वर्षाचे मैदान सारवीत असते.