दवाखान्यातला नंबर

दवाखान्यात जायचे म्हटले की पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. सुईची भीती नसते. भीती असते ती रांगेची. पहाटे घर सोडायचे, एस. टी. धरायची, तालुक्याला उतरायचे आणि खिडकीपाशी उभे राहायचे. डॉक्टर तपासतात दोन-तीन मिनिटे. पण तेवढ्यासाठी सगळा दिवस जातो. दिवस गेला की मजुरी गेली.

म्हणून काही माणसे म्हणतात, "आज नको, उद्या जाऊ." उद्याचा परवा होतो. आजार मात्र आपली वाट बघत थांबत नाही. तो वाढतच जातो.

ही रांग का लागते? ती कमी कशी होईल? आणि रांगेत मुळीच थांबू नये, असे रोगी कोणते? या तीन गोष्टी आज समजून घेऊ.

रांग का लागते?

आधी थोडा हिशेब करू. समजा, डॉक्टर सकाळी ९ वाजता बसले आणि १ वाजता उठले. म्हणजे ४ तास झाले. चार तासांची मिनिटे २४०. त्या दिवशी रोगी आले ८०. मग एका रोग्याच्या वाट्याला ३ मिनिटे आली.

आता हे ८० रोगी सगळेच ९ वाजता आले तर? पहिला लगेच आत जाईल. शेवटचा जवळजवळ १ वाजता आत जाईल. तो बिचारा चार तास ताटकळेल. पण ४० जण ९ वाजता आले आणि ४० जण ११ वाजता आले, तर कोणालाही दोन तासांहून जास्त बसावे लागणार नाही. डॉक्टर तेच, रोगी तेवढेच. फक्त येण्याची वेळ वाटून घेतली.

काही डॉक्टर फोनवर नंबर देतात, ते याचसाठी. "तुम्ही १० ला या, तुम्ही ११ ला या," असे सांगतात. तरीही कधी उशीर होतो. एखाद्या रोग्याला ३ मिनिटे पुरतात, एखाद्याला १५ लागतात. मध्येच अपघातातला माणूस येतो. त्याला आधी घ्यावे लागते. कोणी नंबर लावून ठेवतो आणि येतच नाही. त्याची वेळ फुकट जाते. तेव्हा जायला जमणार नसेल, तर फोन करून नंबर सोडावा. तो दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडतो.

सरकारी दवाखान्यात आणखी एक कारण असते. सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा नियम आहे. डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक. एवढ्या लोकांना डॉक्टर मात्र एक नाहीतर दोन. त्यातली एखादी जागा रिकामी राहिली, की रांग वाढलीच म्हणून समजा. यात रोग्याचा दोष नाही. अशा वेळी ग्रामसभेत विचारावे. ठराव करावा. अर्ज लिहावा. आता तर तुम्हाला लिहिताही येते!

रांग कमी कशी होईल?

पहिली गोष्ट. आधी जवळच्या उपकेंद्रात जा. सपाट भागात ५,००० लोकांमागे आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असावे, असा नियम आहे. तेथे नर्सताई असतात. लहान मुलांची लस, गरोदर बाईची तपासणी, रक्तदाब, साखर ही कामे तेथे होतात. काही उपकेंद्रांतून लांबच्या डॉक्टरशी पडद्यावर समोरासमोर बोलताही येते. या सोयीला ई-संजीवनी म्हणतात. ती देशात २०१९ साली सुरू झाली. आपल्या उपकेंद्रात काय काय मिळते, ते गावच्या आशाताईला विचारा.

दुसरी गोष्ट. दवाखान्याबाहेरचा फलक वाचा. कोणते डॉक्टर कोणत्या वारी व किती वाजता बसतात, ते त्यावर लिहिलेले असते. डोळ्यांचे डॉक्टर मंगळवारी येणार आणि आपण गेलो बुधवारी, तर फेरी फुकट! सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी गर्दी जास्त असते. साधे काम असेल तर ते दिवस टाळा.

तिसरी गोष्ट. जुने कागद जपून ठेवा. हे बोलणे ऐका.

"आजी, मागचा केसपेपर आणलाय का?"

"न्हाई रं बाबा. घरीच ऱ्हायला."

"बरं, गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"पांढऱ्या हायती. बारीक बारीक."

आता पांढऱ्या बारीक गोळ्या शंभर तऱ्हेच्या असतात! डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागते. आजींचा वेळ जातो आणि मागच्या रांगेचाही. म्हणून केसपेपर, तपासणीचे कागद आणि गोळ्यांचे पाकीट एका पिशवीत घाला. ती पिशवी खुंटीला टांगून ठेवा. पुन्हा कधी यायचे ती तारीख केसपेपरवर असते. ती वाचा.

आणि रांगेला कंटाळून गोळ्या कधीही बंद करू नका. रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा काही दुखत नाही. माणसाला वाटते, आपण बरे झालो. मग एके दिवशी अर्धांगवायू होतो. गोळ्या संपायच्या आधी चार दिवस दवाखान्यात जा.

पैशाच्या भीतीनेही घरी बसू नका. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत.

रांगेत कोणी थांबू नये?

साप चावला. कीटकनाशक पोटात गेले. छातीत जोराने दुखते आणि घाम फुटतो. श्वास लागतो. एकाएकी तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही. गरोदर बाईला रक्तस्राव होतो किंवा झटके येतात. तान्हे मूल दूध पीत नाही, मलूल पडले आहे.

असा रोगी रांगेत उभा करू नका. केसपेपरसाठीही थांबू नका. सरळ आत जा आणि नर्सताईला मोठ्याने सांगा. "लोक काय म्हणतील?" असे मनात आणू नका. भिडेखातर गप्प बसलात, तर जीव जाईल. घरून निघायला वाहन नसेल तर १०८ या नंबरवर फोन करा. रुग्णवाहिका येते. तिचे पैसे पडत नाहीत.

रांगेतल्या बाकीच्यांनी काय करावे? वाट द्यावी. ओळखीच्या जोरावर मध्ये घुसणे वेगळे आणि जिवावर बेतलेल्या माणसाला पुढे जाऊ देणे वेगळे. पहिल्याला अडवावे. दुसऱ्याला हात द्यावा. रांग सर्वांना सारखी असते, ती न्यायासाठी. आणि जीव वाचवणे हाही न्यायच आहे.

शब्दांचे अर्थ

केसपेपर : रोग्याचे नाव, आजार व औषधे लिहिलेला दवाखान्याचा कागद.
अर्धांगवायू : शरीराची एक बाजू लुळी पडणे; लकवा.
मलूल : अंगात त्राण नसलेला.

प्रश्न

१. डॉक्टर २ तास बसले. रोगी ३० आले. एका रोग्याला किती मिनिटे मिळाली?
२. दवाखान्यात जाताना पिशवीत काय काय घ्यावे?
३. रांगेत थांबू नये अशा रोग्यांची तीन उदाहरणे लिहा.
४. आपल्या गावाजवळच्या दवाखान्याचा फलक वाचा. डॉक्टर कोणत्या वारी व किती वाजता बसतात, ते वहीत लिहून आणा.