गुलाबी ससा, पपईचं झाड आणि खलबत्ता

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलीने निर्वासित मुलांवरच्या तीन कादंबऱ्या ओळीने वाचल्या. तिच्यामागोमाग मीही वाचल्या. घरदार, देश, माणसं सगळं सुटतं आणि ही मुलं एखाद्या खेळण्यासाठी, नाहीतर झाडासाठी झुरतात. बालवाचकांना सोसावं म्हणून लेखक दुःख पातळ करतात का?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : पातळ करत नाहीत, मुलाच्या मापाने मोजतात. ‘देश’ हा मोठ्यांचा शब्द आहे. मुलाचा देश म्हणजे उशाशी असलेलं खेळणं, अंगणातलं झाड आणि स्वयंपाकघरातला वास.

ज्युडिथ कर यांचे वडील नाझींवर उघड टीका करणारे लेखक. १९३३ मध्ये कुटुंबाला बर्लिन सोडावं लागलं, तेव्हा ज्युडिथ नऊ वर्षांची होती. त्या आठवणींतून १९७१ मध्ये ‘व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट’ आली. त्यातल्या ॲनाला एकच खेळणं नेता येणार असतं. ती नवा लोकरी कुत्रा उचलते, जुना गुलाबी ससा मागे ठेवते. थोड्या दिवसांत परतायचंच आहे, असं तिला वाटतं. पुढे नाझी घरातलं सगळं जप्त करतात. ससा गेला याइतकंच, आपण त्याला निवडलं नाही हेही तिला डाचतं. या दुःखाला सौम्य कसं म्हणावं?

आयुष्य पुन्हा उभं राहतं तेही याच मापाने. थान्हा लाय स्वतः १९७५ मध्ये व्हिएतनाममधून अमेरिकेतल्या अलाबामात आल्या. त्यांच्या ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ (२०११) या मुक्तछंदातल्या कादंबरीत ‘हा’ नावाची दहा वर्षांची मुलगी सायगावच्या अंगणात आपण लावलेली पपई मागे सोडून येते. नव्या शाळेत मुलं चिडवतात आणि भाषा येत नसल्याने हुशार मुलगी ढ ठरते. शेजारच्या बाई तिला इंग्रजी शिकवतात. त्याच बाई तिला साखरेत घोळवलेली सुकी पपई भेट देतात. ती चिडून फेकून देते. आई मात्र ती उचलते, साखर धुऊन काढते, फोडी ओलसर करून ठेवते. झाडावरच्या पपईची सर त्यांना नसते, पण त्या खाववतात. मला वाटतं, निर्वासित मुलाचं नवं आयुष्य त्या फोडींसारखं असतं. गेलेलं परत येत नाही. जे हाती लागतं, ते कुणाच्या तरी मायेने गोड लागू लागतं.

वीरा हिरानंदानी यांच्या ‘द नाइट डायरी’मधली (२०१८) बारा वर्षांची निशा १९४७ मध्ये सिंधमधल्या मीरपूर खासहून जोधपूरला निघते. लहानपणापासून तिला स्वयंपाक शिकवणारे काझी मुसलमान, म्हणून ते मागे राहतात. निघताना तिच्या हाती ते आपला खलबत्ता देतात. फारसं न बोलणाऱ्या निशाची भाषाच स्वयंपाक आहे. तो खलबत्ता म्हणजे पुन्हा बोलतं होण्याची वाट.

तुमच्या कल्याणपासून उल्हासनगर दोन स्टेशनांवर. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं तिथल्या जुन्या लष्करी बराकींत राहिली आणि १९४९ मध्ये त्या छावणीला शहराचं नाव मिळालं. निशाएवढ्या मुली तिथेही उतरल्या होत्या. ओळखीत एखादी सिंधी आजी असेल, तर मुलीला तिच्याकडे न्या. ‘फाळणीत काय झालं’ असं विचारू नका. ‘आजी, येताना घरातलं काय आणलं होतं?’ एवढंच मुलीला विचारू द्या. आजीला जे सांगावंसं वाटेल, ते त्या एका वस्तूच्या मागोमाग येईल.