मान सर्वांना, भय फक्त देवाचं

आजचं वाचन: रोमकरांस पत्र 13:1–7, 1 पेत्र 2:13–17, प्रेषितांची कृत्ये 23:1–5



आमच्या ऑनलाइन युवा गटात एकाने विचारलं, "दादा, साहेब चुकीचा असला तरी त्याचा मान राखायचा? मग अन्याय झाला तर गप्पच बसायचं का?"

प्रश्न खरा आहे. मी मूळचा नेरचा. तालुक्याच्या गावात वाढलेल्याला 'साहेब' या शब्दाचं वजन समजावून सांगावं लागत नाही. तहसीलमध्ये हात जोडायचे आणि बाहेर टपरीवर चहा घेताना त्याच साहेबाला शिव्या घालायच्या, हे कोणत्याही तालुक्याला दिसतं. शहरात, आयटीतही तेच. फक्त टपरीच्या जागी मॅनेजर नसलेला व्हॉट्सॲप ग्रुप असतो. समोर भीती आणि मागे निंदा. वचन या दोन्हींपैकी कशालाच मान म्हणत नाही.

1. अधिकार दिलेला असतो

पौलाने रोमच्या मंडळीला अधीन राहायला सांगितलं, तेव्हा गादीवर नीरो होता. म्हणजे चांगला राजा बघून लिहिलेलं हे पत्र नाही. पौलाचं कारण वेगळं आहे: अधिकार देवाकडून येतो.

माझ्या कामातलं उदाहरण देतो. सर्व्हरवर कोणाला किती परमिशन द्यायची, हे ठरवून दिलेलं असतं. ज्याला ॲडमिन ॲक्सेस मिळतो, तो सर्व्हरचा मालक होत नाही. ॲक्सेस कशासाठी दिला ते ठरलेलं असतं, आणि त्याने काय काय केलं याची नोंद लॉगमध्ये राहते. येशू पिलातासमोर उभा होता तेव्हा त्याने हेच सांगितलं: तुझा अधिकार वरून दिलेला आहे (योहान 19:11). या एका वाक्यात पिलाताचा अधिकार मान्य आहे आणि त्या अधिकाराची मर्यादाही आहे. पौलही रोमकरांस 13:4 मध्ये अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. सेवकाला हिशोब द्यावाच लागतो.

2. पेत्राने निवडलेले शब्द

1 पेत्र 2:17 सावकाश वाचा. पेत्र सर्वांना मान द्यायला सांगतो आणि राजालाही मान द्यायला सांगतो. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. जो मान राजाला, तोच रस्ता झाडणाऱ्या ताईला आणि ऑफिसच्या वॉचमन काकांना. भय हा शब्द मात्र पेत्राने देवासाठी राखून ठेवला. आपण नेमकं उलटं करतो: साहेबाला भितो, आणि शिपायाला 'ए' म्हणतो.

3. पौलाने मान राखला, हक्क सोडला नाही

न्यायसभेत महायाजकाच्या हुकुमावरून पौलाला मारलं, तेव्हा तो कडक बोलला. समोर महायाजक आहे हे कळल्यावर त्याने लगेच नियमशास्त्राची आठवण काढली: लोकांच्या अधिकाऱ्याविषयी वाईट बोलू नये. पण हाच पौल फिलिप्पैमध्ये म्हणाला की आम्हा रोमी नागरिकांना चौकशीशिवाय फटके मारलेत, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं (प्रे. कृत्ये 16:37). पुढे त्याने कैसराकडे अपील केलं. पदाचा मान आणि न्यायाची मागणी, दोन्ही एकाच माणसात राहू शकतात.

4. आपल्या मातीतलं उदाहरण: पंडिता रमाबाई

1897 साली पुण्यात प्लेगची साथ होती. त्याच वर्षी सरकारने साथरोग कायदा केला (मार्च 2020 मध्ये कोरोनासाठी महाराष्ट्राने लावला तोच). प्लेग कमिटीचे प्रमुख रँड होते. सैनिक घरात शिरून तपासणी करत, आजाऱ्यांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. तिथे बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहिलं. त्यांच्या शारदा सदनातल्या मुलीचा प्रश्न त्यात होता. साथ आवरण्याचा सरकारचा अधिकार त्यांनी नाकारला नाही. त्यांचं म्हणणं बायकांच्या सुरक्षिततेचं होतं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप खोडून काढले, विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला.

जरा विचार करा. त्या स्वतः ख्रिस्ती, सरकारही स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारं. गप्प राहणं सोपं होतं. शहरातला राग 22 जूनला रँड यांच्यावरच्या गोळीबारापर्यंत गेला. रमाबाईंचा मार्ग होता स्वतःच्या नावाने, उघडपणे लिहिलेलं पत्र.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांशीही त्या अशाच वागल्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी शिकवणुकीवरून आणि चर्चच्या अधिकारावरून त्यांचे तीव्र मतभेद झाले. विवेक कोणाच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या. तरी पत्रांमध्ये त्या सिस्टरना 'आजीबाई' म्हणत राहिल्या.

5. आज आपण काय करू या?

• नाव घेऊन प्रार्थना करा. 1 तीमथ्य 2:1–2 प्रमाणे आपले तहसीलदार, आमदार, मॅनेजर, पाळक यांच्यासाठी रोज दोन मिनिटं. ज्याच्यासाठी गुडघे टेकतो त्याचं खोटं मीम फॉरवर्ड करणं जड जातं.

• तक्रार असेल तर योग्य दारात न्या. माहितीचा अधिकार कायदा 2005 पासून आहे. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं. पौलाने अपील केलं, आपण का लाजायचं?

• हुकूम देवाच्या आज्ञेविरुद्ध असेल, जसं खोटी नोंद करा किंवा खोटी सही करा, तर नम्रपणे नाही म्हणा. पेत्र आणि योहान यांनी तसंच केलं (प्रे. कृत्ये 4:19). त्याची किंमत मोजावी लागू शकते, त्यांनाही लागली. प्रमोशन जाईल, बदली होईल. म्हणूनच भय कोणाचं, हा प्रश्न आधी सोडवायचा असतो.

• आणि तुमच्या हाताखाली कोणी असेल, तर आजचं वाचन साहेबाच्या खुर्चीत बसून पुन्हा एकदा वाचा.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमच्यावर अधिकारी नेमलेल्यांना ज्ञान आणि न्यायबुद्धी दे. आमच्या तोंडून निंदा काढून टाक आणि सत्य बोलायचं धैर्य दे. माणसांचं भय घालव, तुझं भय आमच्यात राहू दे. प्रभू येशूच्या नावात मागतो, आमेन.